नावाला लागलेला बट्टा

परवा रात्री जेवण आटपून नुकताच टेकलो होतो, तेवढ्यात भाचीच्या लेकीचा फोन आला. यंदा आठवीत आहे. एरवी तिचे मला फोन येतात ते दोनच कारणांनी. एक, वाढदिवसाच्या भेटीची आठवण करून द्यायला आणि दुसरं, मराठीच्या निबंधासाठी. या वेळी मात्र प्रश्न इंग्रजीचा होता.

"आजोबा, टार्निश म्हणजे काय?"

मी आपलं ऐटीत सांगितलं, "काळं पडणं. धातूची चकाकी जाणं. आणि माणसाच्या नावाबद्दल बोलायचं तर बट्टा लागणं."

"बट्टा म्हणजे काय?"

झालं! आता बट्टा म्हणजे काय हे मला माहीत नाही असं नाही, पण सांगता येईना. "बट्टा म्हणजे... डाग." "मग डागच म्हणा ना!" एवढं बोलून तिने मला वाक्य वाचून दाखवलं. घराण्याच्या आणि शाळेच्या नावाला टार्निश करेल असं काहीही करू नये, या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा. उत्तरासाठी तीन ओळी.

"उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि कोश काढून बसलो. म्हातारपणी झोप कमी झालेल्या माणसाला असला उद्योग मिळाला की रात्र बरी जाते. पण त्या रात्री एका शब्दावरून दुसऱ्यावर जाता जाता मी भलतीकडेच पोचलो. ते इथे लिहून ठेवतोय. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी इंग्रजी शब्द. टार्निश मूळचा फ्रेंच. फ्रेंचमध्ये 'तेर्न' म्हणजे निस्तेज, फिकट, आणि त्यावरून 'तेर्निर' म्हणजे निस्तेज करणं. इंग्रजीत तो पाच-साडेपाचशे वर्षांपूर्वी आला. शेवटी जो 'इश' आहे तो फ्रेंच क्रियापदांबरोबर आलेला. फिनिश, व्हॅनिश, पॉलिश, सगळी त्याच वाटेने आलेली मंडळी. म्हणजे पॉलिश आणि टार्निश, एक चकाकी आणणारा आणि एक घालवणारा, दोघांची शेपटी एकच! मला याची गंमत वाटली.

त्याच्याही मागे गेलं तर बहुतेक अभ्यासक एका जुन्या जर्मन धातूकडे बोट दाखवतात. 'टार्नेन' म्हणजे लपवणं, झाकणं. आजच्या जर्मनमध्येही सैन्याने झाडपाल्याचे रंग फासून स्वतःला दडवणं याला हाच शब्द आहे. आणि साधारण बाराशे सालच्या सुमाराला रचलेल्या 'निबेलुंगेनलीड' या जर्मन महाकाव्यात सीगफ्रीड नावाच्या वीराकडे 'टार्नकाप्पे' असते. अंगावर घेतली की माणूस दिसेनासा होतो, असा झगा.

तेव्हा मुळात टार्निश म्हणजे घाण होणं नाही. वर काहीतरी चढल्यामुळे खालचं न दिसणं. खालची वस्तू होती तशीच असते.

हे वाचलं आणि मला आमच्या आईचं चांदीचं ताम्हन आठवलं.

नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. माझा जन्म अंबरनाथचा. बाबा तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. लग्नानंतर मी बदलापूरला घर घेतलं, ते आजतागायत तिथेच आहे. आणि मधलं उल्हासनगर म्हणजे आमची बाजारपेठ. शाळेचा गणवेश, बाबांचं टेबल, ताईच्या लग्नातलं कपाट, सगळं तिथलं. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. माझं निम्मं आयुष्य या चार स्टेशनांत गेलं, उरलेलं लोकलच्या दारात उभं राहून.

तर ताम्हन. अंबरनाथला आमची खोली वालधुनीपासून फार लांब नव्हती. वालधुनी म्हणजे तीच नदी जी शिवमंदिराच्या कडेने वाहते. शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे त्यात. पुढे नदी उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. मी लहान असताना तिला नदी म्हणायचे, मोठा होईपर्यंत सगळे नाला म्हणायला लागले. कारखान्यांचं पाणी, वस्त्यांचं सांडपाणी, सगळं तिच्यात. उन्हाळ्यात कुजक्या अंड्यांचा वास यायचा. आईचं ताम्हन आमच्याकडे महिन्याभरात काळं पडायचं. तेच पुण्याला मावशीकडे तिच्या चांदीच्या वाट्या दिवाळी ते दिवाळी चकाकत. आई म्हणायची, "आपल्या हवेतच काहीतरी आहे."

होतंच. चांदी काळी पडते ती नुसत्या हवेने नाही, गंधकाने. सांडपाणी प्राणवायूवाचून कुजलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, कुजक्या अंड्यांचा वास त्याचाच. तो चांदीला लागला की वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ काळा थर येतो. म्हणजे दोष ताम्हनाचा नव्हता आणि आईच्या घासण्याचाही नव्हता.

ही चांदी साफ करायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे पावडर लावून खसाखसा घासायची. काळा थर जातो, पण त्या थरात अडकलेली चांदीही जाते. पिढ्यान् पिढ्या घासलेल्या भांड्यांवरची नक्षी पुसट होते ती यामुळेच. दुसरी रीत मी बऱ्याच उशिरा शिकलो. पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरायची, खाण्याचा सोडा टाकायचा, वर कढत पाणी ओतायचं आणि भांडं फॉइलला टेकेल असं ठेवायचं. थोड्या वेळात तोच कुजका वास येतो आणि भांडं पांढरं होतं. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. पहिल्यांदा केलं तेव्हा आईला दाखवायला ती नव्हती.

बाबांचा धातू चांदी नव्हे, पितळ. कारखान्यातच पितळेत दिवस गेलेला माणूस. ते म्हणायचे, "गंज लोखंडाला खातो. पितळेवर जी कळा येते ती पितळेला झाकते." वरचा थर आला की आतलं पितळ बरंचसं सुरक्षित राहतं, असा त्याचा अर्थ. पण त्याच पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर? आई ओरडायची, "कळकेल ते!" कळकलेलं ताक ओतून द्यावं लागे. म्हणून तर कल्हई. दारात भाता लावून बसलेला कल्हईवाला, नवसागराचा धूर आणि कथलाचा एक हात फिरला की काळ्या पातेल्यात उजाडल्यासारखा प्रकाश. आमच्या पिढीने हे पाहिलंय. पुढच्या पिढीसाठी स्टील आलं आणि कळकणं हा शब्दच गेला.

कलंक शब्दाचंही असंच. आपण कलंक म्हटलं की चंद्रावरचा डाग किंवा कुळाला लागलेला. पण जुन्या संस्कृत कोशांत कलंकाचा एक अर्थ लोखंडाचा गंज असाही दिलाय. म्हणजे इथेही आधी धातू आणि मग माणूस. काळिमा हा शब्द तर उघडच रंगावरून आलेला. सगळ्या भाषांमधल्या बायकांनी भांडी घासता घासता अब्रूबद्दल बोलून ठेवलं असावं असं मला वाटायला लागलंय.

बट्टा मात्र स्वयंपाकघरातला नाही. तो सराफाच्या पेढीवरचा.

पूर्वी एक देश एक रुपया असं नव्हतं. पेशवाईत गावोगावच्या टांकसाळींचे रुपये चालत. पुण्याकडे अंकुशी, नाशिककडे चांदवडी, शिवाय सुरती आणि आणखी कितीतरी. प्रत्येकाचं वजन, कस थोडा वेगळा. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात गेला की सराफ तो तोलून पाही, वाजवून पाही आणि ठरावीक टक्के कापून घेई. ही जी काट, तो बट्टा. नाणं झिजलेलं असलं तर बट्टा, जुन्या सालाचं असलं तर बट्टा आणि नुसतं परमुलखाचं असलं तरीही बट्टा. १८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा रुपया काढायचा कायदा केला आणि मग हा पसारा हळूहळू आवरला. नाण्यावरचा बट्टा गेला, नावावरचा राहिला. आणि जमाखर्चात बट्टे खातं राहिलं, येणं बुडालं की जिथे टाकतात ते.

माझी पेन्सिल इथे थांबली. बट्टा लागलेलं नाणं खोटं नसायचं. खोट्या नाण्यावर बट्टा लागत नाही, ते फेकूनच देतात. बट्टा लागायचा तो खऱ्या नाण्यावर, कारण ते दुसरीकडून आलेलं असायचं. आणि तो किती लावायचा हे ठरवणारा नाण्याच्या बाहेरचा, पेढीवर बसलेला माणूस असायचा.

आता उल्हासनगर.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची एक मोठी छावणी होती. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी. १९४७ ला फाळणी झाली. पंजाब आणि बंगालचे तुकडे झाले, पण अर्धा का होईना पंजाब इकडे उरला, बंगाल उरला. सिंध अखंड तिकडे गेला. सिंधी हिंदूंना जाऊन राहायला आपल्या भाषेचा एक तालुकाही इकडे नव्हता. पुष्कळ लोक कराचीहून बोटीने मुंबईला उतरले आणि त्यांतल्या सुमारे एक लाखांना या रिकाम्या छावणीत आणून ठेवलं. पाच कॅम्प. आजही आमच्याकडे कोणी पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. घरदार सोडून आलेल्या एक लाख माणसांच्या गावाचं नाव उल्हास!

शेती नाही, जमीन नाही, नोकरीत ओळखी नाहीत. मग बराकीत पापड लाटले, लोणची घातली, लोकलमध्ये फिरून किरकोळ माल विकला आणि हळूहळू छोट्या यंत्रांवर जे जमेल ते बनवायला सुरुवात केली. कापड, फर्निचर, रेडिओ, पुढे जीन्स. गजानन मार्केट, जपानी बाजार ही नावं ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, डोळे मिटून रस्ता सांगेल. बाहेर मिळतं तेच इथे निम्म्या किमतीत.

आणि मग तो विनोद. तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे. वस्तूवर मेड इन यूएसए लिहिलेलं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. काही माल नकली होता, हे खरंच. नाव दुसऱ्याचं लावून वस्तू विकली जात होती आणि तिचं समर्थन मी करणार नाही. अमेरिकेच्या ट्रेडमार्क कायद्यात तर २००६ च्या दुरुस्तीत टार्निशमेंट हाच शब्द आहे. नामांकित चिन्हाशी साधर्म्य दाखवून त्याची प्रतिष्ठा मलिन करणं. पण विनोदाचं काय झालं बघा. अमेरिकेच्या नावाला त्याने काही झालं नाही. बट्टा लागला तो उल्हासनगरच्या नावाला, आणि तोही सरसकट. खरा माल बनवणाराही त्यात आला, पापड लाटणारीही आली.

हे मी इतक्या शहाणपणाने लिहितोय, पण हा विनोद करणाऱ्यांत मी होतो.

१९८१ साल असेल. मी मुंबईच्या कॉलेजात. वर्गात दादर-पार्ल्याची मुलं जास्त. 'कुठे राहतोस' विचारलं की मी सांगायचो, "कल्याणला." अंबरनाथ म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, "ते कुठे आलं?" किंवा "तिथे माणसं राहतात?" तेव्हा तीन स्टेशनं खाऊन टाकलेली बरी. माझ्याच वर्गात उल्हासनगरचा एक सिंधी मुलगा होता. आम्ही एकाच लोकलने जायचो-यायचो, डबा वाटून खायचो. मराठी माझ्याइतकंच बोलायचा. तो मात्र कोणी विचारलं की सरळ सांगायचा, "उल्हासनगर, कॅम्प तीन."

एकदा त्याने छोटा ट्रान्झिस्टर आणला. क्रिकेटची मॅच होती. कॅन्टीनमध्ये सगळे त्याच्याभोवती जमलो. कोणीतरी म्हणालं, "आवाज काय स्वच्छ आहे रे!" आणि मी म्हणालो, "ऐकून घ्या, यूएसए मेड आहे, उद्या बंद पडेल." सगळे हसले. मीही हसलो. दादर-पार्ल्याच्या मुलांत मी त्या क्षणी पूर्ण सामील झालो होतो.

तो हसला नाही आणि चिडलाही नाही. म्हणाला, "माझ्या बाबांनी बनवलाय. बंद पडला तर ते दुरुस्त करून देतील. अमेरिकेचा बंद पडला तर तू कुणाकडे जाशील?"

संध्याकाळी एकाच गाडीने परत आलो. उल्हासनगर आलं, तो उतरला. रोज उतरताना "चल" म्हणायचा, त्या दिवशी म्हणाला नाही. एवढंच झालं. पंचेचाळीस वर्षं होत आली, पण त्या न म्हटलेल्या "चल"ची आठवण मला विठ्ठलवाडी सोडली की अजून येते.

पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीच्या लग्नाला त्याने मला बोलावलं, हे त्याचं मोठेपण. मी माफी मागितली नाही, हे माझं छोटेपण. घर म्हणजे बराकीचाच तुकडा, मधे विटांची भिंत घातलेली. एका कोपऱ्यात त्याच्या वडिलांचं टेबल, त्यावर डाकण्याचं यंत्र, तारा आणि उघडे पडलेले चार-पाच ट्रान्झिस्टर. त्याच्या आजीने मला जवळ बसवून विचारलं, "कहाँ के हो बेटा?" मी अंबरनाथ म्हणालो. तिचा चेहरा खुलला. "अच्छा, माचिसवाला अंबरनाथ!" १९२० च्या दशकापासून आमच्याकडे विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता, त्यावरून. ज्या गावाचं नाव मी वर्षभर लपवत होतो ते तिला काड्यापेटीमुळे आदराने माहीत होतं. तिने माझ्या गावावर बट्टा कापला नाही. पूर्ण रुपया धरला.

मला वाटतं, मी तो विनोद केला याचं कारण उल्हासनगर नव्हतंच. मी स्वतः परगावचं नाणं होतो. माझ्यावर बट्टा बसू नये म्हणून मी घाईघाईने शेजारच्यावर बसवला. बट्टा लावणारे पुष्कळदा असेच असतात. पेढीचे मालक नव्हेत, रांगेतली पुढची नाणी.

याची परतफेड व्हायला बरीच वर्षं जायची होती. आमच्या बदलापूरच्या नावाची लोककथा अशी की मराठ्यांच्या काळी इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. साधं, कामाचं नाव. २०१५ साली त्याच नावाचा हिंदी सिनेमा आला आणि लोकांनी त्यात 'बदला' वाचायला सुरुवात केली. तोवर ठीक होतं. मग ऑगस्ट २०२४ आला. इथल्या एका शाळेत अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला हजारो लोक स्टेशनात शिरून रुळांवर बसले आणि कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. तेव्हापासून बदलापूर हे गावाचं नाव राहिलं नाही, प्रकरणाचं झालं.

त्या आठवड्यात परदेशातल्या एका नातेवाइकाचा फोन आला. काळजीनेच केलेला. पण पहिलं वाक्य होतं, "काय रे, तुमच्याकडे काय हे चाललंय?" तुमच्याकडे! मला एकदम कॅन्टीन आठवलं. मी चिडून सांगणार होतो की हेच गाव आहे जिथे जुलै २०१९ च्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनी बचावपथकांच्या बरोबरीने हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढायला मदत केली, त्यांना खाऊ-पिऊ घातलं. तेव्हा कुणी तुमच्याकडे म्हणालं नाही. पण मी बोललो नाही, आणि बरंच झालं. कारण त्याच दिवसांत आमच्या सोसायटीत दुसरंच एक वाक्य ऐकू यायला लागलं होतं. "एवढा बोभाटा कशाला करायचा? गावाचं नाव खराब होतं. फ्लॅटचे भाव पडतात."

हे ऐकून मात्र अंगावर काटा आला. इथे उल्हासनगरचा हिशोब लावून चालणार नाही. उल्हासनगरवर लोकांनी बाहेरून बट्टा बसवला, तो अन्याय होता. इथे जे घडलं होतं ते आपल्यातच घडलं होतं. आणि गावाचं नाव चकचकीत राहावं म्हणून त्याबद्दल गप्प बसायचं? तक्रार नोंदवायला झालेल्या उशिराबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन प्रश्न विचारले, ते कशासाठी? अशा ठिकाणी झाकणं हेच खरं टार्निश, त्या जुन्या जर्मन अर्थाने. सीगफ्रीडचा झगा पांघरला की आत कोण आहे ते दिसत नाही. आपल्या घराण्यांनी, संस्थांनी, गावांनी पिढ्यान् पिढ्या हाच झगा वापरला आहे आणि त्याला नाव दिलं आहे अब्रू. जिच्यावर अन्याय झाला तिला सांगायचं, तू बोललीस तर आपल्या नावाला बट्टा लागेल. बट्टा लावणारा कोण आणि सोसणारा कोण, सगळंच उलटं.

वालधुनीचा वास येतो म्हणून खिडकी लावून घेतली की वास कमी होतो. ताम्हन काळं पडायचं थांबत नाही.

हे सगळं डोक्यात आलं आणि मला आठवीच्या त्या वाक्याची भीती वाटली. घराण्याच्या आणि शाळेच्या नावाला टार्निश करेल असं काहीही करू नये. वाक्य साधं आहे. लिहिणाऱ्याचा हेतूही साधाच असणार, कॉपी करू नका, बाकावर नावं कोरू नका. पण तेरा वर्षांच्या मुलीला त्यातून काय ऐकू येईल?

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. तिला फ्रेंच, जर्मन, चांदी, गंधक, सराफ सगळं सांगितलं. फॉइलचा प्रयोग तिला फार आवडला, आईची पैंजणं लगेच काढून घेते म्हणाली. मग मी म्हटलं, "हे बघ, एक गोष्ट लक्षात ठेव. तुझ्या बाबतीत किंवा मैत्रिणीच्या बाबतीत कुणी काही वाईट केलं आणि सांगू नकोस, नाव खराब होईल असं म्हणालं, तर ते नाव कोणाचंही असो, शाळेचं, घराण्याचं, माझं, खुशाल होऊ दे खराब. तू सांगायचं. सांगण्याने नाव काळं पडत नाही."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कळलं आजोबा." आणि लगेच, "पण हे तीन ओळींत कसं बसवू?"

ते मलाही जमलेलं नाही, तुम्ही बघताच आहात.

त्या मित्राचं म्हणाल तर कॉलेजनंतर तो दुबईला गेला आणि पत्ता सुटला. त्याला हे वाचायला मिळेल अशी आशा कमी आहे. पण मिळालंच तर, अरे, तेव्हा चुकलो मी. तुझ्या बाबांकडून तो ट्रान्झिस्टर मी लग्नाच्या दिवशी विकत घेतला होता, ते तुला माहीत नसेल. आमच्या अंबरनाथच्या खोलीत बाबांच्या उशाशी असायचा. बारा-तेरा वर्षं चालला. एकदाच बंद पडला, तोही बाबांनी ताकाचं भांडं सांडलं म्हणून.

असो. तुमच्याकडे अजून कोणी ताक 'कळकतं' म्हणतं का, ते जरूर कळवा. आणि बट्ट्याबद्दल आपल्यातल्या कुणा जुन्या पेढीवाल्या घराकडे काही आठवणी असतील तर त्याही.